अंडे, मीठ आणि पाणी

जड वस्तू बुडते व हलकी तरंगते, असे आपण सहज बोलून जातो. मग दहा किलोंचा ओंडका तरंगतो आणि चिमुकला खिळा तळ गाठतो, हे कसे? केवळ वजनाकडे पाहून या प्रश्नाचे उत्तर मिळावयाचे नाही. त्यासाठी प्रयोगशाळेची मात्र गरज नाही; कोंबडीचे एक अंडे, काचेचे दोन मोठे पेले, पाणी व स्वयंपाकघरातील मीठ एवढे साहित्य पुरे आहे. वाचक मातापित्यांनी एखाद्या रविवारी दुपारी मुलांना जवळ बसवून हा प्रयोग अवश्य करावा, अशी आमची सूचना आहे.

अंडे ताजे हवे. अंड्याच्या कवचास सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून आतील ओलावा दिवसेंदिवस उडून जातो व बोथट टोकाकडील हवेची पोकळी वाढत जाते. म्हणून फार जुने अंडे साध्या पाण्यातही वर येते. बाजारातून आणलेल्या अंड्यांची पारख करण्याची गृहिणींची ही रीत शास्त्रास धरून आहे. तरंगणारे अंडे नासलेलेच असेल असे नव्हे, पण ते निराळ्या वाटीत फोडून पाहणे शहाणपणाचे.

ताजे अंडे साध्या पाण्यात सोडा. ते तळाशी जाईल. आता ते काढून त्याच पाण्यात जेवणाच्या चमच्याने एक चमचा मीठ विरघळवा आणि पुन्हा सोडा. बहुधा ते याही वेळी बुडेल. दोन-तीन चमचे मीठ पडले की मात्र तेच अंडे डोके वर काढील. येथे अंड्याचे वजन गुंजभरही बदललेले नाही. बदलले ते पाणी.

कारण असे. अंड्याचे आकारमान ५० घनसेंटिमीटर व वजन ५४ ग्रॅम धरू. पूर्ण बुडालेले अंडे आपल्या आकारमानाएवढे पाणी बाजूस सारते, आणि त्या सारलेल्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी त्यास वर उचलते. साधे पाणी ५० ग्रॅमच भरते. ५४ ग्रॅमांचे ओझे त्यास पेलत नाही. मिठाचे दाट पाणी तेवढ्याच जागेत ५५ ग्रॅम भरले की ते अंड्यास वर ढकलते. हा नियम इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूज येथील आर्किमिडीजने मांडला. तो स्नानगृहातून तसाच धावत सुटला ही गोष्ट मात्र सुमारे दोन शतकांनंतरच्या व्हिट्रुव्हिअसने लिहून ठेविलेली आहे. तीवर कितपत विश्वास ठेवावा हे ज्याने त्याने ठरवावे.

समुद्राच्या पाण्यात अंडे तरंगेल काय? मुलांना हे आधी विचारा. बहुतेक जण ‘होय’ म्हणतील. परंतु समुद्राच्या एक लिटर पाण्यात क्षार असतात सुमारे ३५ ग्रॅम. त्या हिशेबाने ५० घनसेंटिमीटर पाणी जेमतेम ५१ ग्रॅमांच्या थोडे वर भरते, आणि ताजे अंडे तेथेही बुडते. खाऱ्या पाण्यात माणूस बुडत नाही, ही किनाऱ्यावर ऐकू येणारी समजूत याच कारणाने घातक आहे. समुद्र आपणास नदीपेक्षा किंचित अधिक उचलतो इतकेच. पोहता न येणाऱ्याने त्या ‘किंचित’वर आपला जीव टाकू नये.

पवित्र शास्त्रातील क्षार समुद्राची, म्हणजे मृत समुद्राची, गोष्ट निराळी. त्याच्या पाण्यात शंभर भागांस सुमारे ३४ भाग क्षार आहेत. रोमन सेनापती व्हेस्पासियन याने पोहता न येणाऱ्या काही माणसांचे हात पाठीशी बांधून त्यांस तेथे खोल पाण्यात टाकविले आणि ती सर्व तरंगत राहिली, असे यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो. परीक्षा क्रूर खरी. तेथेही पालथे पडलेल्या माणसाच्या नाकातोंडात पाणी जाऊन जीव जाऊ शकतो.

नावाड्यांना हा हिशेब नित्याचा आहे. समुद्रातून नदीच्या गोड्या पाण्यात शिरलेली नाव थोडी खाली बसते. मीटरभर खोल बसणारी पेटीसारखी सपाट नाव सुमारे अडीच सेंटिमीटर. काठोकाठ भरलेल्या होडीस पावसाळ्यात एवढेही महाग पडते. मुरगाव बंदरात उभ्या असलेल्या मालवाहू जहाजाच्या कुशीवर आडव्या रेषांची शिडी दिसते. तीत गोड्या पाण्याची रेषा खाऱ्या पाण्याच्या रेषेच्या वर असते. अशी भारखूण इंग्लंडमध्ये १८७६ च्या कायद्याने सक्तीची झाली. त्यापूर्वी मालकांनी लोभाने अतिभार लादलेली जहाजे खलाशांसह बुडत. त्यांच्यासाठी संसदेत सॅम्युएल प्लिमसोल झगडला, म्हणून त्या खुणेस त्याचेच नाव आहे.

आता प्रयोगातील खरी गंमत. पेला अर्धा दाट खाऱ्या पाण्याने भरून त्यात अंडे तरंगू द्या. मग चमचा आडवा धरून त्यावरून साधे पाणी अगदी हळू ओता. ते वरच्या थरास राहील, आणि अंडे पेल्याच्या मध्यावर अधांतरी उभे राहील. घाईने ओतल्यास दोन्ही पाणी मिसळून सारा खेळ बिघडेल. हे काम घरातील शांत हाताच्या मुलाकडे द्यावे.

अंडे धुऊन कालवणास घ्यावे. खारे पाणी झाडांच्या मुळाशी टाकू नये. ते पसरट ताटात उन्हात ठेवल्यास चार-दोन दिवसांत मीठ परत हाती येते. आपल्या मिठागरांतही हेच घडते. मात्र तेथील पाण्यावर अंडे तरंगू लागल्यानंतरही मिठाचा पहिला कण बसावयास बरेच ऊन खर्ची पडते.