तार आली, आता माणूस बसवा

गावात इंटरनेट आले की शेतकऱ्याचा फायदा झालाच, असे सरसकट बोलले जाते. मला ते पटत नाही. तार येणे हे निम्मे काम. उरलेले निम्मे गावानेच करायचे असते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा घरच्या संगणकाला मोडेम जोडायचा, त्यात टेलिफोनची वायर घालायची नि नंबर लावायचा. मोडेम संगणकाच्या माहितीचे आवाजात रूपांतर करी आणि तो आवाज फोनच्या तारेतून जाई. म्हणजे जोडणी आहे तोवर घरचा फोन बंद, कॉलचे मीटर मात्र चालू. केंद्र लांबच्या शहरात असले तर एसटीडीचा भाव. त्यात लाईनवर खरखर झाली की जोडणी तुटली, पुन्हा पहिल्यापासून!

त्याच काळात, १९९८ साली, वारणा परिसरातल्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. बाजारभाव, शेतीसल्ला असे बरेच काही त्यात योजले होते. नेमाने चालले ते उसाच्या नोंदीचे, तोडीचे, वजनाचे नि खताचे काम. कारण उघड आहे. त्यात शेतकऱ्याचा पैसा होता आणि केंद्रावर उत्तर द्यायला माणूस होता. पुढे काही गावांत हीच माहिती मोबाईलच्या एसएमएसवर देऊन पाहिली, तीही चालली. यंत्र कोणते का असेना, माहिती कामाची पाहिजे.

आज भारतनेटची केबल ग्रामपंचायतीपर्यंत आणली जाते. सातबारा ऑनलाईन मिळतो. २०२१ पासून पिकाची नोंदही शेतात उभे राहून मोबाईलवर करायची आहे. ही नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि मग हमीभावाने विक्री, नुकसानभरपाई या वेळी शेतकऱ्यालाच खेटे घालावे लागतात. ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे साधा फोन आहे, त्याने करायचे काय?

म्हणून सरपंच, सदस्य नि गावकारभाऱ्यांना माझे सांगणे आहे. येत्या ग्रामसभेत तीन ठराव करा. पंचायतीतली इंटरनेटची पेटी चालू ठेवण्याची जबाबदारी एकाच्या नावावर टाका. संगणकाची वेळ फळ्यावर लिहा आणि त्या वेळेला माणूस हजर ठेवा. पीक नोंदणीच्या दिवसांत प्रत्येक वस्तीवर एक जाणता पोरगा किंवा पोरगी मदतीला द्या.

शेतकरी बंधूंनो, तुम्हीही ग्रामसभेला या आणि हे विचारा. कोणी विचारणारच नसेल, तर पेटीवर धूळच बसणार.