सोलापूरच्या भुईकोटाची साक्ष

दक्षिणेंतील सुलतानांच्या इतिहासाविषयीं आपल्याकडे वाद घालणाऱ्यांचे दोनच पंथ उरले आहेत. एकाच्या मतें तो सारा काळ म्हणजे एक अखंड धर्मयुद्ध होतें. दुसऱ्याच्या मतें तो सलोख्याचा सुवर्णकाळ होता. हे पंथ एकमेकांवर तुटून पडतात खरे, परंतु जुने ग्रंथ चाळण्याचा कंटाळा हा गुण दोघांतहि समान आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, उभयतांनीं सिद्धेश्वराच्या तळ्याजवळ उभ्या असलेल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याची साक्ष एकदां काढावी.

इ. स. १५२४ मध्यें अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा यास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम दिली. हुंड्यांत सोलापूरचा किल्ला व भोंवतालचे साडेपांच परगणे देण्याचें ठरलें होतें, असें फिरिश्ता लिहितो. हा फिरिश्ता कॅस्पियन समुद्राकांठच्या अस्तराबादेहून लहानपणीं नगरास आला आणि पुढें विजापूरच्या आश्रयास राहून इतिहासकार झाला. ठरलेला हुंडा मिळाला नाहीं, आणि मेव्हण्या-मेव्हण्यांत लढाई जुंपली. यांत धर्माचा प्रश्न कोठें आला? कोणी म्हणेल, विजापूरकर शिया व नगरकर सुन्नी, म्हणून हें वैर. पण पुढें बुऱ्हाण स्वतःच शिया झाला, आणि विजापुरास पहिला इब्राहिम आदिलशहा सुन्नी पंथाकडे वळला. पंथांची अदलाबदल झाली. सोलापूरचें भांडण मात्र जागच्या जागीं राहिलें! इतकेंच नव्हे, तर विजयनगरच्या रामरायाचें साह्य घेऊनच बुऱ्हाणानें अखेर हा किल्ला मिळविला.

इ. स. १५६४ च्या सुमारास हुंड्याचा प्रवाह उलटा वाहिला. हुसेन निजामशहानें आपली कन्या चांदबिबी अली आदिलशहास देतांना तिच्याबरोबर सोलापूर दिलें. या सोयरिकीनें जुळलेल्या फळीनेंच जानेवारी १५६५ मध्यें तालिकोटच्या लढाईंत रामरायाचा वध केला. “हेंच तें धर्मयुद्ध!” असें पहिला पंथ येथें म्हणेल. पण हाच अली आदिलशहा थोड्याच वर्षांपूर्वीं रामरायास सोबत घेऊन नगरवर चालून गेला होता, याची वाट काय? धर्माच्या घोषणा त्या वेळीं झाल्या नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु घोषणा लढाईच्या प्रसंगीं आल्या, आणि परगण्यांचा लोभ आधींपासून होता.

दुसऱ्या पंथानेंहि यावरून हुरळून जाऊं नये. विजयनगरसारख्या वैभवशाली शहराची राखरांगोळी झाली, ती कांहीं सलोख्याची खूण नव्हे. खुद्द सोलापूरच्या किल्ल्यांत जुन्या देवालयाचे अवशेष आहेत. तेथें जाऊन सुवर्णकाळाचीं स्तोत्रें गाणाऱ्यानें डोळे मिटूनच गावीं लागतील. इ. स. १६२४ मध्यें भातवडीस मलिक अंबरानें मोंगल व आदिलशाही फौजांचा मोड केला आणि त्या जोरावर पुढें सोलापूर घेतलें. हा अंबर मूळचा हबशी गुलाम. भातवडीस शहाजी भोसले त्याच्या बाजूनें लढले. या माणसांस आपल्या आजच्या दोन कप्प्यांपैकीं कोणत्या कप्प्यांत बसवावयाचें?

या सर्व काळांत रयतेचें काय झालें, हें मात्र दोन्ही पंथ विचारीत नाहींत. इ. स. १४७० च्या सुमारास बहामनी राजधानी बेदर येथें आलेला रशियन व्यापारी अफानासी निकितीन याच्या डोळ्यांत भरलें तें हेंच कीं, सरदार ऐश्वर्यांत लोळत होते आणि खेड्यांतील लोक अत्यंत दरिद्री होते. त्या परदेशीय मनुष्यास जें दिसलें, तें आमच्या वादपटूंस दिसूं नये, हें आश्चर्य होय. साडेपांच परगणे म्हणजे नकाशावरील रेषा नव्हेत. तीं नांगरणारीं, पेरणारीं व सारा भरणारीं माणसें होतीं. त्यांस न विचारतां तीं लग्नांत दिलीं गेलीं आणि तहांत परत घेतलीं गेलीं.

पूर्वजांच्या भांडणांचा वारसा आज जे लोक मोठ्या अभिमानानें सांगतात, त्यांनीं तीं भांडणें कशासाठीं झालीं हें प्रथम पाहावें. दुसऱ्याच्या हुंड्यावरून झालेल्या लढाईचा सूड शेजाऱ्यावर उगवावयाचा, याला इतिहासाचें प्रेम म्हणत नाहींत. आणि ती लढाई झालीच नाहीं असें मुलांना शिकवावयाचें, यालाहि नाहीं.