बॅटरी मोठी, तरी बॅकअप कमी का? राजूरकरांनी इन्व्हर्टर घेताना काय पाहावं

राजूर (ता. वणी) : जमिनीखाली कोळसा, गावाभोवती चुन्याच्या भट्ट्या, तरी भर उन्हाळ्यात लाईन गेली की राजूरकरांची भिस्त इन्व्हर्टरवरच. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला, 'बॅटरी किती एएचची?' पण त्या बॅटरीतली किती वीज पंख्यापर्यंत पोचते, हे इन्व्हर्टर ठरवतो.

हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, १५० एएच बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास वीज मावते. बॅटरी पार रिकामी करायची नसते, म्हणून ८० टक्के, म्हणजे १४४० धरा. घरचा लोड २०० वॅट असेल, तर ८० टक्के कार्यक्षमतेचा इन्व्हर्टर बॅटरीतून २५० वॅट ओढतो. बॅकअप पावणेसहा तास. ९० टक्क्यांचा इन्व्हर्टर तीच बॅटरी साडेसहा तास चालवतो.

वीज मुरते कुठं?

१२ व्होल्टवरून ६०० वॅट घ्यायचे तर ५० अँपिअरच्या वर करंट लागतो. वायर, जोड, आतले मॉस्फेट तापतात. ती उष्णता म्हणजे वाया गेलेली वीज. दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केले की करंट निम्मा आणि त्याच वायरीतली उष्णता चौथाई. म्हणून मोठ्या लोडला २४ व्होल्टच बरे. वायर जाड, आखूड हवी. टर्मिनल स्वच्छ हवेत.

स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखा घुमतो, मोटर तापते. शुद्ध साइन वेव्हची वीज घरच्या लाईनीसारखी असते.

सोलर आहे, तरी अंधार

फेब्रुवारी २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत केंद्राचं अनुदान आहे. मात्र बॅटरी नसलेला साधा ग्रिडचा इन्व्हर्टर लाईन गेली की बंद पडतो. तो बिघाड नव्हे. खांबावरच्या लाईनमनला शॉक बसू नये, म्हणून ती सोय आहे. लाईन गेल्यावरही वीज हवी तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. हे सही करण्याआधीच विचारलेलं बरं.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र छताला टांगलेला आहे. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दोन पंखे बदलले की ९० वॅट वाचतात. बॅटरी मोठी घेण्याआधी लोड कमी करा. पैसा तिथंच वाचतो.