महागडे शब्द

वेबसाइट काढायची म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न "कशावर लिहू?" असा नसतोच. "कशावर लिहिलं तर जाहिरातींचे जास्त पैसे मिळतात?" असा असतो. प्रश्न अगदीच वाईट आहे असं नाही. सर्व्हरचं भाडं काही आकाशातून पडत नाही. पण हा भाव ठरतो कसा ते जरा बघा मंडळी.

१९९८ मध्ये गोटू डॉट कॉमने शोधशब्दांचा लिलाव सुरू केला. २००० मध्ये गूगलचं अ‍ॅडवर्ड्स आलं आणि २००३ मध्ये अ‍ॅडसेन्समुळे हा बाजार कुणाच्याही पानावर येऊन बसला. यंत्र तुमचा मजकूर वाचणार, विषय ओळखणार आणि त्या विषयावर बोली लावणाऱ्याची जाहिरात चिकटवणार. म्हणजे क्लिकची किंमत ही तुमच्या लेखाची किंमत नाहीच. त्या क्लिकमधून जाहिरातदाराला जे गिऱ्हाईक मिळेल, त्याची ती किंमत.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे मेसोथेलिओमा. अ‍ॅसबेस्टॉसच्या धुळीमुळे, बहुतेक वेळा फुप्फुसाच्या आवरणाला होणारा दुर्मिळ कॅन्सर. धूळ शरीरात गेल्यावर कित्येक दशकांनी उमटणारा. अमेरिकेत हा शब्द अनेक वर्षं सर्वांत महागड्या शब्दांत गणला जायचा. बोली डॉक्टर लावत नव्हते, वकील लावत होते! कंपन्यांवर दावा जिंकला की भरपाई प्रचंड, आणि वकिलाची फी म्हणजे त्यातलाच वाटा. तेव्हा एका अशिलासाठी भरपूर डॉलर उधळणं त्यांना सहज परवडायचं. मग काय, ज्यांना तो शब्द धड उच्चारता येत नव्हता त्यांनीही या कॅन्सरवर साइट्स काढल्या.

डिमांड मीडियाने तर याचा कारखानाच काढला. लोक काय शोधतात, त्यावर जाहिरातीचा भाव किती, हे पाहून प्रोग्रॅम विषय काढायचा आणि साधारण पंधरा डॉलरमध्ये कुणीतरी लेख पाडून द्यायचं. (प्रोग्रॅमर म्हणून मला त्याचं कौतुक वाटतं, हे कबूल.) जानेवारी २०११ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि त्याच वर्षी गूगलच्या 'पांडा' बदलाचा तडाखा त्यांच्या ईहाऊ साइटला बसला. असो.

माझा आक्षेप पैशाला नाही. शब्द महाग कधी होतो? कर्ज, विमा, खटला, शस्त्रक्रिया, परदेशातली डिग्री असं काही असेल तेव्हा. म्हणजे वाचणाऱ्याचा निर्णय मोठा असतो, पुष्कळदा तो घाबरलेलाही असतो. नेमक्या त्याच जागी ज्याला विषयातलं ओ की ठो कळत नाही असा माणूस भाव बघून लिहायला बसतो. मोबाईलच्या कव्हरबद्दल चुकीचं लिहिलंत तर वाचकाचे शंभर रुपये जातील. टर्म इन्शुरन्सबद्दल चुकीचं लिहिलंत तर एखाद्या घराला मिळायचे पैसे अडकतील, आणि तुम्हाला ते कळणारही नाही.

मराठीत तर हा हिशोब आणखीच गंमतीशीर आहे. अ‍ॅडसेन्सने हिंदीला २०१४ मध्ये प्रवेश दिला, मराठीचा नंबर त्यानंतर लागला. मग लोक इंग्रजीतले महाग विषय उचलून त्यांचं ओबडधोबड मराठी करतात. शिवाय २००९ पासून गूगलच्या जाहिराती पानाच्या विषयाबरोबर वाचकाच्या आवडीनिवडीच्याही मागे फिरतात. घर शोधणारा माणूस पोह्यांची कृती वाचत असला तरी त्याला तिथे गृहकर्जाची जाहिरात दिसू शकते. तेव्हा कर्जावर लिहायचा अट्टहास कशासाठी?

उलट सातबारा कसा वाचायचा, वारसनोंद कशी करायची, यावर बोली लावणार कोण? पण गावाकडची जमीन आणि पुण्यात नोकरी असलेल्या प्रत्येकाला ते कधी ना कधी लागतंच. तलाठी कार्यालयात दहा खेपा घातलेल्या कुणीतरी हे लिहायला हवं. लिहिलंत तर मला कळवा, आमच्या एका जुन्या फेरफाराचं कोडं मला अजून सुटलेलं नाही.