हाताला मानवेल असा माउस



चष्मा करण्यापूर्वी आपण डोळे तपासून घेतो. चपला घेताना दुकानातच चार पावले चालून पाहतो. काठी घेताना तिची मूठ मनगटाच्या उंचीला येते की नाही, हे ताडून पाहतो. संगणकाचा माउस मात्र जो समोर येईल तो आपण मुकाट्याने वापरतो. बहुतेक घरांत तो संगणकाबरोबरच आलेला असतो, किंवा मुलाने नवा घेतल्यावर त्याचा जुना माउस आई-वडिलांच्या टेबलावर आलेला असतो. तो आपल्या हाताला मानवतो का, असे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. निवृत्तिवेतनाचे खाते, विजेचे बिल, मुदत ठेवीची पावती, परदेशातील नातवंडांशी गप्पा, आवडीची नाट्यगीते, अशा कितीतरी गोष्टी आज घरच्या संगणकावर होतात. हात दुखू लागला, पडद्यावरचा बाण नेमक्या जागी थांबेनासा झाला, की ज्येष्ठ व्यक्ती हळूहळू संगणकापासून दूर जाते. "आता हे माझ्याच्याने होत नाही," असे ती म्हणते आणि घरचेही "वय झालं" म्हणून मान डोलावतात. मग पासवर्ड दुसऱ्याच्या हाती जातो, पाठोपाठ पैशांचा हिशेब जातो आणि आपले व्यवहार आपण पाहण्याची अनेक वर्षांची सवय सुटते. म्हणून या वेळी माझे सांगणे एवढेच आहे की, पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी माउस तपासावा, त्याच्या सेटिंग्ज तपासाव्यात आणि हातही डॉक्टरांना दाखवावा.

हात नेमके काय करतो?

माउसचा पहिला नमुना १९६४ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाला. कल्पना डग्लस एंगलबार्ट यांची आणि प्रत्यक्ष बनावट बिल इंग्लिश यांची. तो एक लाकडी ठोकळा होता. त्याच्या खाली दोन चाके होती आणि वर एक कळ. डिसेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी तो जाहीरपणे वापरून दाखवला. पुढे चाकांच्या जागी गोळी आली, गोळीच्या जागी प्रकाशकिरण आला. पण हात पालथा ठेवून वापरण्याची रीत बहुतांश माउसमध्ये तशीच राहिली.

आपण उभे राहून दोन्ही हात सैल सोडा. तळवे मांड्यांकडे वळलेले दिसतील. ही हाताची विश्रांतीची स्थिती होय. आता तोच हात टेबलावर पालथा ठेवा. कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी एक हाड दुसऱ्यावरून तिरके जाते आणि स्नायूंना ती पीळ दिलेली स्थिती धरून ठेवावी लागते. त्यातच मनगट वर उचललेले, बोटे कळांवर अधांतरी आणि खांदा बाजूला ताणलेला असेल, तर अर्ध्या तासाच्या कामानेही हात भरून येतो. तरुण हात हे सहन करतो. सांध्यांची झीज झालेला, पकड सैल पडलेला हात मात्र तक्रार करतो, आणि ती तक्रार रास्त असते.

दुसरी अडचण डबल क्लिकची. विंडोज संगणकात मूळ व्यवस्थेनुसार दोन क्लिक सुमारे अर्ध्या सेकंदाच्या आत व्हावे लागतात, आणि त्या दरम्यान माउस जागचा हलूनही चालत नाही. आखडलेल्या वा किंचित कापणाऱ्या बोटासाठी ही कसरतच ठरते. क्लिक चुकला म्हणजे समजूत चुकली, असा अर्थ घरच्यांनी काढू नये.

खर्च न करता होणारे बदल

नवा माउस घेण्यापूर्वी आहे त्याच संगणकाच्या सेटिंग्जमध्ये 'माउस' हा विभाग उघडावा. डबल क्लिकचा वेग कमी करावा, म्हणजे दोन क्लिकांमध्ये अधिक अवकाश मिळतो. बाण फार पळत असेल तर त्याचा वेग कमी करावा. उलट, बाण हलवण्यासाठी हात फार फिरवावा लागत असेल तर थोडा वाढवावा. बाणाचा आकार मोठा व रंग ठळक करता येतो. मोतीबिंदू असलेल्यांना याचा विशेष उपयोग होतो. कळ दाबून धरून वस्तू ओढणे जड जात असेल, तर विंडोजमध्ये 'क्लिकलॉक' सुरू करावे. कळ थोडा वेळ दाबली की ती धरल्यासारखी राहते आणि बोट मोकळे होते. डबल क्लिक जमतच नसेल, तर फाइलवर एकदा क्लिक करून 'एंटर' दाबावे. काम तेच होते.

यानंतर टेबलाकडे पाहावे. कोपर अंगालगत, साधारण काटकोनात आणि हात टेबलाला समांतर राहील, अशी खुर्चीची उंची असावी. पाय अधांतरी राहत असतील तर खाली पाट ठेवावा. माउस कीबोर्डच्या शेजारी आणि त्याच पातळीवर असावा. ज्या कीबोर्डच्या उजव्या बाजूला आकड्यांचा स्वतंत्र संच असतो, त्यात माउस आणखी उजवीकडे ढकलला जातो आणि खांदा ओढला जातो. अशा वेळी आखूड कीबोर्ड वापरावा किंवा माउस डाव्या हाताने वापरून पाहावा. काचेच्या टेबलावर माउस अडखळत असेल तर खाली साधे कापडी पॅड घालावे. पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेऊन तासभर बसणे मान आणि मनगट, दोघांनाही त्रासाचे असते.

कोणाला काय मानवेल?

साधा माउस : हात मुळात ठीक असेल तर हाच पुरेसा आहे; मात्र तो हाताच्या मापाचा हवा. तळवा माउसच्या उंचवट्यावर टेकला पाहिजे आणि बोटे न ताणता, न आखडता कळांवर पोहोचली पाहिजेत. प्रवासासाठी मिळणारे चिमुकले माउस ज्येष्ठांनी रोजच्या कामासाठी टाळावेत, कारण ते धरताना बोटे पंजासारखी आवळली जातात. कळ हलक्या दाबाने दबते का आणि मधले चाक सहज फिरते का, हे दुकानात बोट ठेवूनच पाहावे.

उभा माउस : हा हस्तांदोलनासाठी हात पुढे करावा तसा धरायचा असतो. त्यामुळे हाताचा पीळ कमी होतो. पालथ्या हाताने कोपराखाली दुखणाऱ्यांनी तो वापरून पाहावा. सवय व्हायला काही दिवस लागतात आणि सुरुवातीला नेम चुकतो. तो उजव्या व डाव्या हातासाठी वेगवेगळा येतो, हे खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावे.

ट्रॅकबॉल : यात माउस जागचा हलत नाही, वरची गोळी बोटांनी फिरवायची असते. खांदा वा कोपर दुखत असेल, टेबलावर जागा कमी असेल किंवा क्लिक करताना माउस सरकत असेल, तर हा चांगला पर्याय आहे. मात्र काही ट्रॅकबॉलची गोळी अंगठ्याने, तर काहींची मधल्या बोटांनी फिरवायची असते. अंगठ्याच्या मुळाशी सांधा दुखणाऱ्यांनी अंगठ्याचा प्रकार घेऊ नये.

ट्रॅकपॅड : यात पकड लागत नाही, म्हणून आखडलेल्या बोटांना तो सोयीचा पडतो. दाबण्याऐवजी नुसत्या टिचकीने क्लिक होईल, अशी सेटिंग करून घ्यावी. पण हात कापत असेल तर नकळत स्पर्श होऊन नको ते उघडते, आणि फार कोरड्या बोटांचा स्पर्श कधी कधी नीट नोंदवला जात नाही. बोटांना थोडे मलम लावून पुसून घेतल्यास फरक पडतो.

खोक्यावर 'एर्गोनॉमिक' असे छापलेले असले म्हणजे ते साधन आपल्या हाताला मानवेलच, असे नाही. कोणताही माउस आजार बरा करत नाही. तो फक्त हातावरचा भार कमी करतो किंवा दुसरीकडे वळवतो. म्हणून शक्य असेल तर परत घेणाऱ्या दुकानातून घ्यावा आणि निदान १५ मिनिटे वापरून पाहावा.

माउसचा दोष की हाताचा आजार?

माझ्या एका रुग्णाचे उदाहरण सांगतो. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ आपल्या गृहसंस्थेचा जमाखर्च संगणकावर ठेवत असत. काही महिन्यांत चुका वाढल्या, फाइली भलत्याच ठिकाणी जाऊ लागल्या. "बाबांची स्मृती तपासा," असे म्हणत त्यांची मुलगी त्यांना घेऊन आली. त्यांची स्मृती उत्तम होती. तर्जनी मात्र वाकवली की अडकत होती आणि खटकन सुटत होती. या विकाराला ट्रिगर फिंगर म्हणतात. मधुमेहींमध्ये तो अधिक आढळतो, आणि त्यांना मधुमेह होताच. कळ सुटायच्या वेळी सुटत नसे, म्हणून फाइल ओढली जाऊन भलतीकडे पडत असे. बोटावर उपचार झाले, क्लिकचे काम मधल्या बोटाकडे दिले, थोडा मोठा माउस आला आणि जमाखर्च पुन्हा त्यांच्याकडे आला.

म्हणून पुढील लक्षणे असतील तर केवळ माउस बदलून थांबू नये. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची एक बाजू बधिर होणे, रात्री मुंग्यांनी जाग येणे व हात झटकल्यावर बरे वाटणे, ही कार्पल टनेलची लक्षणे असू शकतात. मनगटातील अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातात. तेथे दाटी झाली की मज्जातंतू दबतो. मधुमेह आणि थायरॉइडची कमतरता असलेल्यांना याचा धोका अधिक असतो. लवकर आल्यास रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावूनही अनेकांना आराम पडतो. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग खोल गेला असेल तर मात्र विलंब करू नये.

हात काम करतानाच कापत असेल तर त्याचे कारण कंपवाताहून वेगळे असू शकते. दम्याच्या काही औषधांनी आणि थायरॉइडच्या अतिरेकानेही हात कापतो. हात मांडीवर स्वस्थ असताना कापत असेल, विशेषतः एकाच बाजूचा, आणि अक्षर बारीक होत चालले असेल, तर कंपवातासाठी तपासणी करावी. कोणतेही औषध मनाने बंद करू नये. आणि माउस अचानक हातातून सुटू लागला, त्याबरोबर तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजून तत्काळ १०८ क्रमांकावर फोन करावा. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच उपयोगी पडते आणि जितके लवकर मिळेल तितके बरे.

वेदनाशामक गोळी घेऊन काम रेटणे ज्येष्ठांना परवडणारे नाही. या गोळ्यांपैकी अनेक गोळ्या मूत्रपिंड, जठर आणि रक्तदाब यांवर परिणाम करतात. त्यापेक्षा दर २० मिनिटांनी माउसवरून हात उचलून मुठी उघडमीट करणे आणि खांदे सैल सोडणे अधिक हिताचे आहे.

काळजी घेणाऱ्यांसाठी

शिकवताना ज्येष्ठांच्या हातातून माउस काढून घेऊ नये. एका संगणकाला दोन माउस एकाच वेळी जोडता येतात आणि दोन्ही तोच बाण हलवतात. दुसरा माउस आपल्या हाती ठेवून शेजारी बसावे आणि अडल्यासच हलवावा. पक्षाघातानंतर एक हात अधू असेल, तर दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माउस चांगल्या हाताच्या बाजूला ठेवावा आणि गरजेप्रमाणे कळांची अदलाबदल सेटिंग्जमधून करून द्यावी. एका वेळी एकच बदल करावा, तो मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून टेबलापाशी चिकटवावा आणि नव्या साधनाची सवय होईपर्यंत जुने फेकू नये.

या पंधरवड्यात एवढेच करून पाहा. तीन दिवस संगणकावरचे काम संपल्यावर हात नेमका कोठे दुखला, किती वेळानंतर दुखला आणि कोणती क्रिया चुकली, हे वहीत टिपून ठेवा. चौथ्या दिवशी डबल क्लिकचा वेग आणि खुर्चीची उंची बदला व पुन्हा तीन दिवस टिपा. फरक पडला तर नवा खर्च वाचला. नाही पडला, तर ती वही घेऊन आधी आपल्या डॉक्टरांकडे जा, मग दुकानात.