पडद्यावरील बंदूक आणि रणांगणावरील बंदूक

युद्धाचा चित्रपट पाहून आलेला विद्यार्थी नायकाच्या पराक्रमाचे वर्णन करू लागला, की त्याच्या उजव्या हाताची तर्जनी नकळत वाकते. बंदूक म्हणजे चापावरचे बोट, एवढीच खूण पडद्याने मुलांच्या मनावर उमटविली आहे. ही खूण अपुरी आहे आणि आमच्या भागात ती धोक्याचीही आहे, असे माझे मत आहे.

सोळाव्या शतकात खुद्द गोव्यात तोड्याच्या बंदुका घडविल्या जात. ही बंदूक वापरणाऱ्याच्या एका हाती जळती वात आणि अंगावर दारूचे पात्र! शेजाऱ्याच्या वातीची एक ठिणगीही पुरे. म्हणून बार भरताना वात दूर धरणे हा कवायतीचाच भाग असे. पुढे ली-एनफील्ड रायफल आली. दोन्ही महायुद्धांत हिंदी शिपाई तीच घेऊन लढले. आणि 1961 च्या डिसेंबरात भारतीय सेना दोडामार्गावरून, म्हणजे आमच्या लाटंबार्से गावाच्या अंगाने, गोव्यात शिरली तेव्हाही भारतीय पायदळाची मुख्य रायफल तीच होती.

महायुद्धकाळची छायाचित्रे न्याहाळली, तर पुष्कळ शिपायांचे बोट चापाच्या कडीत दिसते. बोट कडीबाहेर सरळ ठेवण्याचा आजचा कडक दंडक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. जेफ कूपर या अमेरिकन मरीन अधिकाऱ्याने मांडलेल्या चार नियमांपैकी तो एक होय. परंतु यावरून जुने शिपाई बेफिकीर होते असे मानणे अन्यायाचे ठरेल. त्यांची खबरदारी बोटात नव्हती, हुकमात होती. हुकमावाचून काडतूस भरावयाचे नाही. भरल्यावर खटका बंद. काम संपताच बोल्ट मागे ओढून नळी रिकामी असल्याचे वरिष्ठास दाखवावयाचे. एन.सी.सी.च्या चांदमारीला जाऊन आलेल्या मुलांना ‘निरीक्षण के लिए बायें शस्त्र’ हा हुकूम ठाऊकच आहे. चित्रपटाला मात्र एकटा नायक हवा असतो. अशी कवायत दाखविण्यास त्याला सवड कोठून?

माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांचेच उदाहरण घ्या. 10 जुलै 1944 रोजी इटलीत ते शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले. मॅगझिन बदलण्यास अवधी नव्हता, म्हणून त्यांनी बंदूक नळीकडून धरून दस्त्याने प्रहार केले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पडद्यावरच्या नायकाच्या गोळ्या मात्र कधी संपतच नाहीत.

अलीकडे काही दिग्दर्शक माजी सैनिकांचा सल्ला घेतात. मग 1944 चा शिपाईही आजच्यासारखे बोट सरळ ठेवून चालताना दिसतो. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला हे खटकते, तथापि ही चूक मी आनंदाने पोटात घालीन. मित्रांच्या घोळक्यात भरलेली बंदूक नाचविणारा नायक मात्र मला सोसवत नाही. खुद्द चित्रीकरणातही याची किंमत मोजावी लागली आहे. मार्च 1993 मध्ये ब्रँडन ली हा नट आणि ऑक्टोबर 2021 मध्ये हलीना हचिन्स ही छायालेखिका अशाच रीतीने प्राणास मुकली. दुसऱ्या प्रसंगी नटाच्या हाती दिलेले रिव्हॉल्व्हर निर्धोक असल्याचे सांगण्यात आले होते. आत खरी गोळी निघाली.

डिचोली-पेडण्याच्या बागायतींत रानडुकरे व माकडे यांपासून पीक राखण्यासाठी काही घरांत परवान्याच्या बंदुका आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात, एरवी घरातच. ठासणीच्या बंदुकीत बार आहे की नाही, हे बाहेरून पाहून कळत नाही. गज नळीत सोडून तो किती आत जातो हे पाहावे लागते. हे कोणताही चित्रपट सांगत नाही. तेव्हा माझी सूचना अशी, की चांदमारीहून परतलेल्या कॅडेटांनी नळी तपासून दाखविण्याची कृती लाकडी रायफलीवर खालच्या वर्गांना करून दाखवावी आणि ज्यांच्या घरी बंदूक आहे, अशा मुलांना पुढच्या रांगेत बसवावे.