तातडीचे उपचार आणि आपला कार्यकर्ता

अपरात्री निरोप येतो : 'रुग्णाला आत घेत नाहीत, अनामत रक्कम मागतात.' आपला कार्यकर्ता धावतो, एखाद्या आमदाराकडून शब्द टाकवतो आणि खाट मिळवून देतो. त्याच्या कळकळीविषयी शंका नाही. परंतु ज्यावर रुग्णाचा हक्क आहे, ते आपण त्याला मेहेरबानी म्हणून मिळवून देत आहोत, याचे भान आपल्याला आहे काय?

बाजारात ग्राहक भाव विचारतो. न पटल्यास दुसऱ्या दुकानी जातो. छातीत कळ आलेल्या माणसाला ही मुभा नसते. वैद्यकीय सेवा सामान्य बाजाराच्या नियमांत बसत नाही, हे केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच दाखवून दिले. रुग्णालयाच्या दारात होतो तो सौदा नव्हे. ती अगतिकतेची वसुली होय.

म्हणूनच येथे कायद्याचा आधार लागतो आणि तो आहे. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जखमीचा जीव वाचविणे हे त्याचे पहिले कर्तव्य, पोलिसी सोपस्कार नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगितले. १९९६ चा निकाल तर पश्चिम बंगालमधील एका शेतमजूर संघटनेने लढून मिळविला. तिचा सभासद हाकिम शेख १९९२ साली रेल्वेतून पडला. खाट नाही म्हणून एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठविले. हा घटनेच्या २१ व्या कलमाचा भंग आहे आणि पैशाच्या टंचाईची सबब शासनाला सांगता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना २००६ च्या योजनेनुसार तातडीच्या रुग्णास अनामत न मागता दाखल करून, प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार द्यावे लागतात. रस्त्यावरील अपघातग्रस्तांसाठी २०२५ साली केंद्राने दीड लाख रुपयांपर्यंतच्या, सात दिवसांच्या विनारोकड उपचारांची योजना जाहीर केली. जखमीला आणून सोडणाऱ्यावर आपले नाव सांगण्याची सक्ती नाही.

कुटुंबीयांनी दुसरी बाजूही समजून घ्यावी. तातडीच्या विभागात क्रम लागतो तो आल्या वेळेनुसार नव्हे, प्रकृतीच्या गांभीर्यानुसार. आपल्या रुग्णाला थांबविले म्हणजे हेळसांड झाली, असे नव्हे. शब्द टाकून आपण त्याला पुढे घेतो, तेव्हा अधिक अत्यवस्थ असा कोणी मागे ढकलला जातो, आणि त्याची बाजू मांडायला तेथे कोणी नसतो. परिचारिकेवर हात उगारणे हा तर लढा नव्हेच. अपुऱ्या मनुष्यबळाचा भार तीही सोशीत असते.

तेव्हा कार्यकर्त्याने काय करावे? १०८ क्रमांक घरोघर पोचवावा. त्रास केव्हा सुरू झाला, कोणती औषधे चालू आहेत, कशाचे वावडे आहे, हे डॉक्टरांना नीट सांगण्यास कुटुंबीयांना शिकवावे. नकार मिळाल्यास कारण आणि वेळ लेखी मागावी. तेही नाकारले तर आपण स्वतः साक्षीदारांसह नोंदवून ठेवावे. प्रत्येक शाखेने अशा नोंदी जमवून धर्मादाय आयुक्त व आरोग्य अधिकारी यांच्यापुढे ठेवल्या, म्हणजे एका खाटेची याचना संपून पुरेशा खाटांची मागणी सुरू होईल. वशिल्याने एक रुग्ण वाचतो. हक्क प्रस्थापित झाला, तर ज्याचा कोणी ओळखीचा नाही तोही वाचतो. आपला पक्ष त्या दुसऱ्या माणसासाठी आहे.